सुंगहोसाठी झाकलेला भात

शिकागो, २ सप्टेंबर १९८४

मावशी,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून उभ्यानंच.

खोली मिळाली एकदाची. युनिव्हर्सिटीपासून दोन बस लांब. घर एका कोरियन बाईंचं आहे. साठी उलटलेली, उंचीला माझ्या खांद्याइतक्या, पण आवाज असा की नळावरच्या भांडणात एकट्या जिंकतील. नवरा वारलाय. मुलगी यंगजा दोन गल्ल्या सोडून राहते, तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. बाईंना सगळे 'हाल्मोनी' म्हणतात, म्हणजे आजी. मी नाव विचारलं तर हसायलाच लागल्या. या वयात नावानं कोण हाक मारतं, म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी मला तीन प्रश्न विचारले. वय किती, बाबा काय करतात आणि लग्न का नाही झालं. मला तर नागपूरला पोचल्यासारखंच वाटलं. चपला दारात काढायच्या, जमिनीवर बसून जेवायचं, आल्यागेल्याला आधी 'जेवलीस का?' विचारायचं. म्हटलं, हे तर आपलंच घर! आणि लगेच चुकले. पाण्याचा पेला एका हातानं दिला तर घेईचनात. दोन्ही हातांनी द्यायचा असतो. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय मी उचलायचा नाही. मी फोडणी घातली की त्या ठसक्यानं अंगणात पळतात, त्यांनी सुकी मासळी भाजली की मी. त्यांच्या कोबीच्या लोणच्यात मासळीचा रस असतो हे मला तीन वाट्या खाल्ल्यावर कळलं. आईला बोलू नकोस, प्लीज.

एक गोष्ट मात्र समजत नाही. रोज संध्याकाळी भात झाला की पहिला भात त्या झाकणाच्या स्टीलच्या वाटीत भरतात, वाटी दुलईत गुंडाळतात आणि माझ्या खोलीत रेडिएटरजवळ आणून ठेवतात. सकाळी घेऊन जातात. मी विचारलं, "कोणासाठी?" म्हणाल्या, "सुंगहोसाठी." मी म्हटलं, "कधी येणार तो?" तर म्हणाल्या, "त्याला जरा उशीर झालाय."

मावशी, या घरात सुंगहो नावाचं कोणीच राहत नाही.

तुझी उत्तरा


ट्रॉय, ९ सप्टेंबर १९८४

चि. उत्तरा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलणी खा.

फोनच करणार होते, पण लाँग डिस्टन्सवर मी बोलायला लागले की तुझे राजारामकाका समोर घड्याळ धरून उभे राहतात. पत्रात मला कोणी अडवत नाही.

अगं बाई, ते पितराचं पान आहे! एवढंही कळू नये तुला? परवापासून आपलाही पंधरवडा लागतोय. मेलेल्या माणसाचा भात ती बाई तुझ्या खोलीत ठेवते आणि तू खुशाल तिथे झोपतेस? दीपाला सांगितलं तर ती म्हणते, "मॉम, दॅट्स सो कूल." काय म्हणावं या पोरांना! माझ्या तर अंगावर काटा आला.

तो मुलगा कधी गेला, कशानं गेला, हे सरळ विचारून घे. आजारपण असेल तर ती खोली सोड. तुझ्या आईला मी शब्द दिलाय की अमेरिकेत पोरगी माझ्या नजरेखाली राहील. शिकागो माझ्या नजरेखाली येत नाही, पण तिला भूगोल कुठे ठाऊक आहे!

आता आशीर्वाद.

मावशी


शिकागो, ३० सप्टेंबर १९८४

मावशी,

तुझं ऐकलं आणि विचारलं, "तो कधी गेला?" असं कोणाला विचारू नये गं. हाल्मोनींनी चमचा खाली ठेवला आणि उठून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढत होत्या.

शेवटी यंगजानं सांगितलं. मेलेल्या माणसाला भात उघडा वाढतात. झाकून, उबेत ठेवतात तो जिवंत माणसाचा. घरचं माणूस लांब असलं की त्याच्या वाटणीचा भात असा ठेवायचा, म्हणजे ते जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही.

सुंगहो यंगजाचा थोरला भाऊ. ती त्याला कधी भेटलेलीच नाही. १९५० च्या हिवाळ्यात लढाई गावाजवळ आली. नवऱ्याला सैनिक धरून नेतील म्हणून हाल्मोनी त्याला घेऊन दक्षिणेला निघाल्या. बर्फ होतं, मुलगा सहा वर्षांचा. त्याला सासूपाशी ठेवलं आणि सांगितलं, तीन दिवसांत येते. मग मध्ये सरहद्द पडली. ती अजून उघडलेली नाही.

हरवला नाही मावशी. ठेवून आल्या. हे सांगताना यंगजा माझ्याकडे बघत नव्हती.

परवा हाल्मोनी स्वतःच एक फॉर्म घेऊन आल्या. कॅनडात एक संस्था आहे, ती उत्तरेकडे राहिलेल्या माणसांचा तपास करते. इंग्रजी भाग मी भरला. 'शेवटचं केव्हा पाहिलं' या रकान्यावर त्यांनी स्वतःचं बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "लिही, सकाळी."

तू हसशील, पण मला आता तो इथे आहेसा वाटतो. ही खोली त्याचीच आहे, मी नुसती भाडेकरू. जिन्यात कोणाची चाहूल लागली की मी कडेला सरकते, आणि मग कळतं की जिन्यात मी एकटीच आहे. भीती नाही वाटत. पण जेवायला बसले की आपण कोणाच्या तरी आधी जेवतोय असं वाटत राहतं.

उत्तरा


ट्रॉय, १४ ऑक्टोबर १९८४

उत्तरा बाळ,

तुझं पत्र वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. जिवंत पोराचं श्राद्ध घातलं मी इथून! आमचा गिरीश कॉलेजातून चार दिवस फोन करत नाही तर मी पोलिसांना कळवायला निघते. त्या बाईनं चौतीस वर्षं कशी काढली असतील?

म्हणजे तो आता चाळिशीचा. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. माझा शरददादा वारला नसता तर... जाऊ दे.

मी काय म्हणते, येत्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी भाऊबीज आहे. तुला सख्खा भाऊ नाही, गिरीश येणार नाही. तू त्या सुंगहोला ओवाळ. फोटो नसू दे. मी एकोणसत्तर साली नवी आले तेव्हा काय करायचे, ठाऊक आहे? पाट नव्हता म्हणून भाजी चिरायची फळी घासूनपुसून घ्यायची, तिच्यावर कुंकवानं दादाचं नाव लिहायचं आणि त्या नावाला ओवाळायचं. तिकडे दादाला बरोबर उचकी लागायची, आई पत्रात कळवायची.

नाव त्यांच्या लिपीत लिही. आपल्या लिपीत त्याला कळणार नाही. दीर्घायुष्य माग त्याला. पार्सलनं कुंकू, वाती आणि करंज्या पाठवतेय. करंज्या मोडतील, नावं ठेवू नकोस.

मावशी


शिकागो, २८ ऑक्टोबर १९८४

मावशी,

करंज्यांचा भुगा पोचला. चमच्यानं खाल्ला.

आणि तू धन्य आहेस! मला सुचलंच नसतं. त्याचं नाव मी फॉर्मच्या कच्च्या प्रतीवरून आठ दिवस गिरवलं. अक्षरं सोपी आहेत, गोल आणि काड्या. शुक्रवारी संध्याकाळी हाल्मोनी यंगजाकडे गेल्या होत्या. त्यांचं एक बुटकं काळं टेबल आहे, अगदी आपल्या चौरंगासारखं. ते पुसलं. त्याच्यावर कुंकवानं ठसठशीत नाव लिहिलं. अक्षता, सुपारी, सफरचंद, उरलेला करंजीचा तुकडा, उदबत्ती. निरांजन लावलं आणि ओवाळलं. म्हटलं, भाऊ, जिथे असशील तिथे शंभर वर्षांचा हो आणि एकदा आईला भेट.

मान वर केली तर हाल्मोनी दारात. कधी आल्या कळलंच नाही. मला वाटलं टेबल घेतलं म्हणून रागावतील. पण त्या खाली बसल्या. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि त्या नावाकडे बघत राहिल्या. निरांजन शांत होईपर्यंत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज नाही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "थँक यू." त्या मला कधी थँक यू म्हणत नाहीत. मावशी, मीसुद्धा रडले. इतकं बरं वाटलं.

गडबडीत त्या दिवसापासून वाटी ठेवायची राहतेय. आज आठवण करू का?

उत्तरा


ट्रॉय, ६ नोव्हेंबर १९८४

चि. उत्तरा,

इथे सगळे टीव्हीपुढे बसलेत. पंतप्रधानांची हत्या झाल्यापासून आपल्या देशात काय चाललंय ते तू ऐकतच असशील. अशा दिवसांत तुझं पत्र आलं आणि जरा बरं वाटलं. काकांना वाचून दाखवलं. एरवी पेपर खाली न ठेवणारा माणूस, "व्वा, सुमित्रा" म्हणाला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे दुसऱ्यांदा.

पण वाटीचं मला काही पटलं नाही. चौतीस वर्षांचा नेम गडबडीत राहतो होय? त्यांना विचारू नकोस, मुलीला विचार.

मावशी


शिकागो, १८ नोव्हेंबर १९८४

मावशी,

मी फार मोठी चूक केली.

यंगजाच्या दुकानात गेले होते. काउंटरवरून तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "आम्हा कुणाला जमलं नाही ते तू केलंस. आईनं मानलं अखेर." मी विचारलं, काय मानलं? म्हणाली, "तो गेला हे."

त्यांच्यात जिवंत माणसाचं नाव लाल रंगानं कधीच लिहीत नाहीत. लाल नाव मेलेल्याचं. मुलं शाळेत चुकून लिहितात तर आया मारतात. आणि मी लाल नाव लिहिलं, पुढे ज्योत लावली, उदबत्ती, फळं, तांदूळ. मेलेल्यांची जी मांडणी ते करतात, ती हीच. हाल्मोनींनी मुलीला सांगितलं, "या परक्या पोरीला आपलं काय ठाऊक? तरी तिच्या हातून उमटलं. म्हणजे त्यानंच लिहवून घेतलं. मला कळवायला आला होता."

मी म्हटलं, यंगजा, मी त्याला आयुष्य मागत होते. आमच्याकडे कुंकू जिवंत माणसालाच! तिचा चेहरा उतरला. मागे कोटांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. परत आली आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस. मी जन्मले तेव्हापासून ती नीट झोपलेली मला आठवत नाही. आता झोपते. आता तिला परत उठवू नकोस."

पुढच्या आठवड्यात त्याच्या वाढदिवशी विधी करायचा ठरलाय.

काय करू गं? बोलले तर त्यांची झोप जाते. नाही बोलले तर एक जिवंत माणूस माझ्या एका बोटानं मरतो. खोलीत रेडिएटरपाशी जागा रिकामी आहे, आणि मी तिथून जाताना अजूनही कडेनं जाते. आता मला त्याची भीती वाटते. तो रागावलाय असं वाटतं.

उत्तरा


ट्रॉय, २३ नोव्हेंबर १९८४

उत्तरा,

चूक तुझी नाही, माझी आहे. मीच लिहिलं कुंकवानं लिही, त्यांच्या लिपीत लिही. अर्धवट शहाणपण माझं.

पण सांग तिला. विधी व्हायच्या आत सांग. झोप काय, गोळी घेऊनही येते. मुलगा आहे का नाही हे आपल्या कुंकवानं ठरायचं नाही. तुझ्यानं होत नसेल तर मला नंबर दे, मी बोलते. काका घड्याळ धरून उभे राहिले तर ते घड्याळ फेकून देईन.

मावशी


शिकागो, ९ डिसेंबर १९८४

मावशी,

नाही सांगितलं. तू रागावशील म्हणून इतके दिवस लिहिलंही नाही.

सांगायला गेले होते. त्या भाज्या निवडत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझं तोंडच उघडेना.

विधीच्या स्वयंपाकात लसूण नाही, तिखट नाही. त्या वासानं आत्मा परत फिरतो म्हणतात. मला वाटलं, गुपचूप चिमूटभर तिखट टाकावं. परत फिरू दे त्याला, जिथे आहे तिथे जिवंत जाऊ दे. डबा हातात घेतला होता मी. पण नाही टाकलं.

आईनं मुलापुढे वाकायचं नसतं. म्हणून बाहेरच्या खोलीत यंगजा आणि तिचा नवरा वाकले आणि हाल्मोनी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसल्या. त्याला आत येता यावं म्हणून यंगजानं पुढचं दार उघडलं. बाहेर बर्फ. गार वारा थेट आतपर्यंत आला. हाल्मोनींनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "उंच झाला असेल ना?" मी म्हटलं, हो. काय बोलणार होते मावशी? हो म्हटलं.

तो जेवत असताना तिकडे बघायचं नसतं. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होतो. चमच्याचा आवाज आला. यंगजा म्हणते तिनंही ऐकला. मी शपथेवर सांगते, मला त्या क्षणी एवढंच वाटलं की कुठेतरी एक चाळिशीचा माणूस काम करता करता थांबलाय आणि त्याला एकदम थंडी वाजलीय.

परीक्षा आहेत. काही दिवस लिहिणार नाही.

उत्तरा


शिकागो, १७ फेब्रुवारी १९८५

मावशी,

कॅनडाहून पत्र आलं. त्या संस्थेचं. जाडजूड पाकीट, वर हाल्मोनींचं नाव. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं आणि माझा बांध फुटला. सगळं बोलून टाकलं. कुंकू म्हणजे काय, भाऊबीज म्हणजे काय, मी काय मागितलं होतं. माझी चूक आहे, मला घरातून काढा, पण हे उघडा.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं."

दिवाळीच्या तोंडावर आलेल्या आईच्या पत्रावर माझं नाव होतं आणि शेजारी कुंकवाचं बोट. त्या रोज टपाल उचलतात, त्यांनी पाहिलं होतं. "तुझी आई तुझं मरण चिंतेल का? मी टेबलावरचं नाव बघितलं आणि मला कळलं, ही पोर माझ्या मुलाला आशीर्वाद देतेय. चौतीस वर्षांत दुसऱ्या कुणी दिला नव्हता."

मी म्हटलं, मग का?

"दमले मी. आईला आपल्या हातानं ते नाव लिहिता येत नाही. तू लिहिलंस. मी फक्त नाही म्हटलं नाही." मग पाकीट माझ्याकडे सरकवलं. "तू ठेव. वाच, नाहीतर फाड. मला सांगू नकोस. त्यात तो मेलेला असेल तर मला दुसऱ्यांदा नाही सोसायचं."

मी नाही उघडलं. यंगजाला दाखवायचं धैर्य नाही. चार दिवस ते माझ्या पुस्तकांत आहे आणि माझा अभ्यास बंद पडलाय. सोबत रजिस्टर्ड पोस्टानं तुला पाठवतेय. मला हे घरात नको. मी भित्री आहे, ते कबूल.

उत्तरा


ट्रॉय, ३ मार्च १९८५

उत्तरा बाळ,

पाकीट पोचलं. चार दिवस मीही नाही उघडलं. पाचव्या दिवशी उघडलं. कोणी मला माफ करो न करो. आत कोरियन. काकांच्या ऑफिसात एक किम म्हणून आहेत, त्यांना घरी जेवायला बोलावलं. बिचारे वरणभात खाऊन खूष झाले आणि मग मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. वाचताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

तो जिवंत आहे. त्याच गावाजवळ, शाळेत शिक्षक. दोन मुली. आजी गेली त्याची, पुष्कळ वर्षं झाली.

पण ऐक. संस्थेच्या माणसानं त्याला जाऊन सांगितलं की तुझी आई तुझा तपास करते आहे, तर तो चिडला. म्हणाला, माझी आई पन्नास सालच्या हिवाळ्यातच वारली. तीन दिवसांत येते म्हणाली आणि आली नाही, म्हणजे रस्त्यातच वारली. जिवंत असती तर ती आलीच असती. ज्या सकाळी ती गेली, ती तिथी धरून तो दरवर्षी तिचा विधी करतो. चौतीस वर्षं झाली. आधी आजी करायला लावायची, आता त्याच्या मुली वाकून नमस्कार करतात. त्यानं विचारलंय, माझ्या आईचं नाव घेऊन फिरणारी ही बाई कोण?

आपण इथे लाल नावाला घाबरून मरत होतो, आणि तिकडे त्या माणसाच्या घरी ती बाई कधीच मेलेली आहे गं. तिच्यासाठी दार उघडतात. ती जेवत असेल म्हणून भिंतीकडे तोंड करतात.

तिनं सांगू नकोस म्हटलं, ते मेल्याची बातमी असेल या भीतीनं. जिवंत पोराची बातमी कोणतीही आई नको म्हणणार नाही. आणि त्याला तर कळायलाच हवं की ती त्याला टाकून गेली नाही आणि रस्त्यात मेलीही नाही. ते त्याला फक्त तिच्या हातचं पत्र सांगू शकतं, माझं नाही, तुझं नाही.

हे फोनवर बोलायचं नाही. मी शनिवारी सकाळच्या ग्रेहाउंड बसनं निघतेय, संध्याकाळपर्यंत पोचेन. काका नको म्हणत होते, आता स्वतःच तिकीट काढून आलेत. यंगजाला बोलावून ठेव. तोवर हाल्मोनींशी नेहमीसारखी बोल आणि त्यांना एकटं सोडू नकोस.

मावशी